वीतभर आखूड

डिसेंबर निम्मा झाला की आमच्या भागात बांधावर पऱ्हाट्या पेटतात आणि त्यांच्या आरात हिरवी वांगी भाजायला पडतात. कापसाची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, भडकून जळतात आणि लवकर विझतात. वांग्याचं साल काळं होऊन आतला गर शिजायला तेवढं पुरतं. जळगावात थंडी पडली हे मला तापमापकावरून कळत नाही. कॉलेजातून स्कूटीवर घरी येताना कुठूनतरी हा वास येतो आणि मी मनात नोंद करते, माळावर जायचे दिवस आले.

यंदा वास आला तेव्हा मी सिग्नलला उभी होते. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला तेव्हा कळलं, दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला होता. मला असं रस्त्यात थांबून आठवणी काढायची सवय नाही. पेपर तपासणी, बँक, दळण, सासूबाईंची औषधं, यांतून उरलेल्या वेळात मी आठवणी काढते, आणि तो वेळ फारसा उरत नाही. पण एक हिवाळा असा आहे की दर हिवाळ्यात तो समोर येऊन उभा राहतो. पाच वर्षं झाली. लिहून टाकलेला बरा.

मी भौतिकशास्त्र शिकवते. त्या वर्षी आमच्या कॉलेजने पारोळ्याच्या दक्षिणेला, मुरमाड माळावर, एक लहानशी रेडिओ दुर्बीण उभी करायचं ठरवलं. पारोळा माझं माहेर, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. दुर्बीण म्हटलं की लोकांना नळी आणि भिंग हवं असतं. इथे त्यातलं काहीच नाही. चार एकरांत पसरलेल्या आठ अँटेना, कमरेएवढ्या उंचीच्या, ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या. दुरून बघितलं तर कुणी आठ खाटा उलट्या टाकून ठेवल्यात असं वाटतं. प्रत्येक खाटेपासून एक केबल निघते आणि जमिनीखालून पत्र्याच्या खोलीत येते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी आठही अँटेना एकाच वेळी टिपतात, खोलीतलं यंत्र त्या एकत्र करतं, आणि आठ खाटांची मिळून एक मोठी दुर्बीण होते. रात्रीची वाट बघावी लागत नाही. दिवसाढवळ्या काम चालतं, ढग आले तरी चालतं.

शेजारच्या शेताचे मालक नाना, वय पंच्याहत्तरच्या घरात, पहिल्याच आठवड्यात पाहणीला आले. कमरेवर हात ठेवून आठही खाटांना प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलं, "यानावर गाणा लागतस का?" गाणी लागत नाहीत म्हटल्यावर त्यांचा निम्मा रस गेला. मग गारपीट कधी होणार ते यावर कळेल का, असं विचारलं. तेही नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग हाई बठ्ठं कसाले?" मी सांगितलं, फार फार पूर्वी आकाशातून निघालेलं काहीतरी आज इथे येऊन पोचतं, ते ऐकण्यासाठी. नानांनी त्यावर थोडा विचार केला आणि म्हणाले की त्यांची म्हातारीही चाळीस वर्षांपूर्वीचंच ऐकवत असते, पण तिला वीज लागत नाही.

नानांना नाराज करून चालत नाही. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर नुसता टक् झाला तरी आमच्या पडद्यावर रेघ उमटते. म्हणून जुळणीच्या दिवसांत ते बारा ते एक मोटार बंद ठेवतात, गव्हाला पाणी द्यायचं असलं तरी. त्यासाठी दर वर्षी मला स्वतः जाऊन, ओट्यावर बसून, चहा घेऊन सांगावं लागतं. फोनवर सांगितलेलं त्यांना चालत नाही.

जुळणी म्हणजे कॅलिब्रेशन. शाळेच्या कवायतीत आठ मुली एका रांगेत चालतात ते डोळ्यांसमोर आणा. हुकूम एकच असतो. पण एकीला तो अर्धा श्वास उशिरा ऐकू आला तर तिचा पाय उशिरा पडतो आणि सगळ्या रांगेची रया जाते. अँटेनांचं तसंच. केबल लांब असेल तर लहर खोलीत उशिरा पोचते, आखूड असेल तर आधी. म्हणून आठही केबल नेमक्या सारख्या लांबीच्या घ्यायच्या. अँटेना खोलीला चिकटून असली तरी केबल तेवढीच लांब. उरलेल्या भागाचं वेटोळं करून जमिनीत पुरायचं. मग आकाशातली अशी एक वस्तू निवडायची की जिची जागा आपल्याला पक्की ठाऊक आहे. आम्ही सूर्य निवडतो. तो दुपारी सर्वांत उंच येतो त्या वेळी आठही अँटेना काय म्हणतात ते बघायचं. सूर्य कुठे आहे यावर वाद नसतो, त्यामुळे उत्तर चुकलं तर चूक आपली. ती कोणत्या अँटेनाची आणि किती, ते शोधायचं, आकडा लिहून ठेवायचा, आणि पुढच्या प्रत्येक निरीक्षणातून तो वजा करायचा. दुरुस्तीसाठी काही उकरावं लागत नाही. चूक नेमकी माहीत असली की पुरे. हे तत्त्व मला पहिल्यापासून आवडतं. माणसांना ते लावता येत नाही, एवढीच अडचण.

केबल टाकायचं काम मी भाऊला दिलं. भाऊ म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तीस वर्षं तो ठिबकच्या नळ्या टाकत होता. पारोळा, एरंडोल, अमळनेर, या तिन्ही तालुक्यांत त्याने टाकलेल्या नळ्यांवर कापूस, केळी, लिंबू वाढलेत. त्याने माझ्या शिक्षणासाठी शाळा सोडली वगैरे काही नाही. त्याला शाळा आवडत नव्हती, मला आवडत होती, दोघांचंही मनासारखं झालं. त्याच्या हाताचं मात्र मला लहानपणापासून कौतुक. नळीला भोक पाडून त्यात ड्रिपर बसवायला इतरांना दोन्ही हात आणि वर एक गुडघा लागतो. भाऊ वाकून चालता चालता अंगठ्याने दाबायचा, टक्, आणि पुढे. सरीच्या शेवटापर्यंत तो आवाज एका चालीत येत राहायचा.

फिटर लोकांचा एक नियम असतो. शेतात उरलेल्या नळीचं वेटोळं मागे सोडायचं नाही. वेटोळ्यात उंदीर शिरतो, नांगर अडकतो, आणि मालकाला वाटतं की या माणसाला माप आलं नाही. उरेल ते कापायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं. हे मला ठाऊक होतं म्हणून मी भाऊला दोनदा बजावलं की इथे कापायचं नाही, वेटोळं करून पुरायचं. तो हसला. म्हणाला, "तुन्हासाठे तेबी करसू."

तीन आठवडे काम चाललं. मी शनिवार-रविवार जायची, जमलं तर मधे एखादा दिवस. सकाळची बस पारोळ्याला पोचायची तेव्हा ऊन वर आलेलं असायचं, पण माळावरचा मुरूम दहा वाजेपर्यंत गार असायचा आणि वारा थेट हाडांत जायचा. चर खणायला गावातल्या चार बाया होत्या, माझे पाच विद्यार्थी होते. केबलींच्या टोकांना कनेक्टर बसवायचं काम भाऊने स्वतःकडे घेतलं, आणि ते तो खोलीचं दार लावून करायचा. बाहेर धूळ फार, जोडात गेली तर जोड खराब होतो, असं त्याने सांगितलं. ते बरोबरच होतं. मी विद्यार्थ्यांना त्याचं उदाहरण दिलं, काम कसं करावं म्हणून.

नाजूक काम आहे ते. केबलचं साल सोलायचं, आतली तांब्याची तार न दुखवता. वरची जाळी मागे सारायची, कनेक्टर चढवायचा आणि पक्कडीने असा दाबायचा की पुन्हा सुटू नये. एकदा वाकडा दाबला गेला की तो गेला. वीतभर केबलसकट कापून टाकायचा आणि नव्याने सुरुवात करायची. वहिनी दुपारी भाकरी घेऊन यायची आणि जेवणं झाल्यावरही खोलीत थांबायची. मला वाटलं, सोबतीला थांबते.

त्या तीन आठवड्यांत मी काय काय पाहिलं ते सांगते. भाऊ चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरत होता. थंडी होती, सगळेच तसा धरत होते. भाऊ बटणांचा शर्ट सोडून डोक्यातून घालायचा स्वेटर घालत होता. थंडीच होती. कनेक्टर कमी पडले म्हणून त्याने दोनदा आणखी मागून घेतले. आठ केबलींना सोळा टोकं, मी चाळीस दिले होते, गेले कुठे, असं मी करवादले, तर म्हणाला की मातीत हरवले. एका शनिवारी माळावर भरताचा बेत केला. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कांद्याची पात, मिरच्यांचा ठेचा, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. मुलं बोटं चाटत होती. भाऊ बाजूला उन्हाला पाठ करून बसला होता. आज उपास आहे म्हणाला. शनिवारचा उपास त्याने कधी केला नव्हता, आणि भरताच्या दिवशी तर कुठल्याच वारी केला नव्हता. मी म्हटलं, बरं.

निरीक्षण कसं करावं हे शिकवायचा मला पगार मिळतो.

आता वाटतं, त्याचं एक कारण आहे. सूर्याची जागा आपण ठरवून टाकलेली असते, तिच्यावर शंका घेत नाही, बाकी सगळं तिच्यावरून मोजतो. भाऊ म्हणजे ज्याचे हात चालतात तो माणूस, हे मी चाळीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. त्याच्याकडे बघून मी इतरांना मोजत असे, त्याला कधी मोजलं नाही. ऋतूनेही मदत केली. हेच सगळं मे महिन्यात घडलं असतं तर उन्हाळ्यात ग्लास दोन्ही हातांनी धरणारा माणूस माझ्याही डोळ्यांत आला असता. हिवाळ्यात सगळ्यांचेच हात आखडतात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली जुळणी केली. गहू घोट्याच्या वर आला होता, हरभऱ्याला घाटे धरायचे होते. नानांनी मोटार बंद केली आणि स्वतः खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बारा चाळीसच्या सुमारास सूर्य सर्वांत उंच आला. आठही लहरी जुळून पडद्यावर एक उंच शिखर यायला हवं होतं. आली ती विस्कटलेली पेंढी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नाना म्हणाले, सूर्य तर वर दिसतोय, पाहिजे तर बाहेर येऊन बघा.

केबल सारख्या लांबीच्या नव्हत्या, एवढं कळत होतं. किती कमी, ते पहिल्या फटक्यात कळत नाही, कारण लहरीमागून पुन्हा तशीच लहर येते आणि एक अख्खी लहर कमी पडली तरी ती दिसायला सारखीच दिसते. पण कुठेतरी काहीतरी कापलं गेलं होतं.

मी तरातरा बाहेर आले. भाऊ शेवटच्या चरावर पायाने माती लोटत होता. विद्यार्थी होते, बाया होत्या, आमचे विभागप्रमुख सर होते. मी विचारलं, केबल कापल्यास का? त्याने एकवार माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, हो, उरली होती ती कापली, सवय आहे हाताला.

"तीस वर्षं नळ्या टाकतोस," मी म्हटलं, "आणि सांगितलेली एक गोष्ट तुला पाळता येत नाही? ही काय कुणाची लिंबाची बाग आहे?"

बायांपैकी कुणीतरी हसलं. भाऊही हसला. मग खाली बघत म्हणाला, "चुकी गयं, मॅडम."

जन्मात पहिल्यांदा त्याने मला मॅडम म्हटलं. मला तो टोमणा वाटला. मी वळून खोलीत गेले, पुष्कळ काम पडलं होतं.

नेमका फरक शोधायचा तर तीच मोजणी वेगवेगळ्या लहरींवर करावी लागते. त्यात पंधरा दिवस गेले. शेवटचं गणित मी जळगावला, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर केलं. आकडे सेकंदाच्या इतक्या लहान भागांत येतात की त्यांचं काही वाटत नाही. मी त्यांची लांबी काढली, आणि ती मला समजेल अशा मापात मांडली. एक नंबर, बरोबर. दोन नंबर, वीतभर कमी. तीन, दोन वीत. चार, दोन वीत. पाच, पाच. सहा, सात. सात नंबर, अकरा. आठ नंबर, सोळा वीत.

तीन नंबरची अँटेना खोलीच्या दाराशीच आहे. तिची केबल जवळजवळ सगळीच उरते. भाऊने उरलेली कापली असती तर तीन नंबर सगळ्यांत आखूड व्हायला हवी होती. ती दोनच वीत आखूड होती. आठ नंबर सर्वांत दूर, तिच्यात उरायला जेमतेम काही, आणि तीच सर्वांत जास्त कापलेली. कापणं अंतराप्रमाणे नव्हतं. ज्या क्रमाने त्याने केबल टाकल्या, त्याच क्रमाने आम्ही नंबर दिले होते, आणि कापणं त्या क्रमाने वाढत गेलं होतं. मी कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं आणि मला ओटा पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून माळावर गेले. नानांकडून खुरपं घेतलं आणि तीन नंबरच्या खाली हातभर खणलं. वेटोळं तिथेच होतं, अख्खं, फेऱ्यावर फेरा नीट बसवलेला, जुन्या साडीच्या चिंध्यांनी चार जागी बांधलेलं. भाऊ बांधायला तार वापरायचा, पक्कडीने पिळून. चिंध्या वहिनीच्या होत्या. नाना बांधावरून विचारत होते, काय सापडलं. मी म्हटलं, काही नाही, उंदीर लागलेत का बघत होते. माती परत लोटली आणि भाऊच्या घरी गेले.

तो ओट्यावर उन्हात बसला होता. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हटलं, हात दाखव. त्याने दाखवले. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. दोन्ही हातांना, उजव्याला जास्त. कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं आणि थांबत नव्हतं.

"कधीपासून?"

"पोयापाईन."

पोळ्यापासून. पाच महिने होत आले होते. म्हणजे मी काम सांगितलं तेव्हा त्याला माहीत होतं.

वहिनीने न मागता आतून एक पिशवी आणली. तिच्यात सगळे तुकडे होते, वीत वीत लांबीचे, प्रत्येकाच्या टोकाला चेंगरलेला नाहीतर वाकडा बसलेला कनेक्टर. तिने एकही फेकला नव्हता. कुणी विचारलं तर दाखवता यावेत म्हणून ठेवले, म्हणाली. शेवटचे जोड तिनेच पक्कड दाबून केले होते, तो सांगेल तसे.

मी भाऊला विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस, सगळ्यांच्या देखत मी वाटेल ते बोलले तुला.

"बरं वाटनं," तो म्हणाला. "फिटरले रागे भरतस. आजारी मानूसले कोनी रागे भरत नही."

मी म्हटलं, केबल सारख्या का नाहीत याचं कारण मला अहवालात लिहावं लागेल. ते त्याला आधीच सुचलेलं असावं, कारण उत्तर तयार होतं.

"लिख, फिटरले सवय व्हती, कापी टाक्या. हात गयात असं लिखू नको. मी शे तोवर नको."

प्रयोगवहीत खोटा आकडा लिहिणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर काढलं आहे, एकदा तर एका संचालकांच्या पुतण्याला. घरी येऊन मी अहवालात लिहिलं: 'केबल टाकणाऱ्याने व्यवसायातील सवयीप्रमाणे जादा केबल कापल्यामुळे लांबीत फरक पडला आहे. वजा करावयाचे आकडे खालीलप्रमाणे.' खालचे आठ आकडे खरे, वरचं वाक्य खोटं. सरांनी सही केली. वाक्य आणि आकडे शेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत. केबल बदलायची गरज पडली नाही, आजही त्याच आहेत.

जळगावच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. नाशिकच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा सुकत जातात, आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध नाही. मी विचारलं, पोळ्यालाच आणलं असतं तर? तरी हेच झालं असतं, म्हणाले. त्या उत्तराने मला हलकं वाटायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी ओसरली. भाऊला एकदा माळ बघायचा होता. रिक्षाने आणलं, विद्यार्थ्यांनी खुर्चीसकट उचलून खोलीत बसवलं. त्या दिवशी आठही आकडे वजा करून आम्ही पहिल्यांदा सूर्य नीट घेत होतो. पडद्यावर शिखर चढायला लागलं, सरळ, उंच. भाऊने विचारलं, हा सूर्य का? मी म्हटलं, हो. माझ्या तारांतून आला? तुझ्याच तारांतून. त्याने मान वळवून दारातून बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे, चर सरळ आहे का ते बघताना बघायचा तसं, एक डोळा बारीक करून. आणि म्हणाला की थोडा डावीकडे गेलाय. मुलं हसली. मी तपासलं. पाच नंबरच्या आकड्याचं चिन्ह मी उलटं घातलं होतं. शिखर खरंच थोडं डावीकडे होतं. ते सरळ केल्यावर भाऊने नुसती मान हलवली, काम पास झाल्यासारखी.

पुढचं वर्ष मी दर रविवारी पारोळ्याला जात होते. घरात सगळे भाऊशी हळू आवाजात बोलायला लागले होते. ज्यांच्याशी बांधावरून त्याची भांडणं झाली होती तेही येऊन गोड बोलून जायचे. मी रागवायचे. भात अर्धा टाकला म्हणून, सकाळचं ऊन सोडून सावलीत बसला म्हणून, टीव्हीवर दिवसभर तेच तेच बघतो म्हणून. वहिनीला सुरुवातीला वाईट वाटायचं. मग तिच्या लक्षात आलं की रविवारी तो दोन घास जास्त खातो. एकदा बसमध्ये उभं राहून आल्यामुळे माझं डोकं दुखत होतं, मी गप्प बसून राहिले. त्याची जीभ तेव्हा जड झाली होती, एकेक शब्द उचलून ठेवावा लागायचा. तरी त्याने विचारलं, "आज मन्हं काही चुकनं नही का?"

मी शोधून काढलं काहीतरी.

तो गेला तेव्हा मार्चच्या परीक्षा चालू होत्या आणि मी वर्गात पर्यवेक्षणाला होते. फोन पिशवीत होता, निरोप शिपायाने आणला. पेपर संपायला वीस मिनिटं होती. मी थांबले, उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या, सही केली आणि मग निघाले. हे मी वहिनीशिवाय कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, त्यांनीपण तेच केलं असतं, सरी अर्धी टाकून ते कधी उठले नाहीत. मला ते पटलं नाही, पण ती म्हणाली म्हणून बरं वाटलं.

आता थंडी पूर्वीसारखी पडत नाही. माळाभोवती आवाज वाढलेत. दोन टॉवर उभे राहिले आहेत, फवारणीचे ड्रोन फिरतात, त्यांच्या रेघा पडद्यावर येतात. नानांना कमी ऐकू येतं, पण चहा घेतल्याशिवाय मोटार बंद होत नाही. मी दर डिसेंबरात तो अहवाल काढते. त्याने 'मी शे तोवर', मी आहे तोवर, असं म्हटलं होतं. तो नाही, म्हणजे मी मोकळी आहे. एका ओळीची दुरुस्ती, दोन मिनिटांचं काम. दर वर्षी मी फाइल उघडते, आकडे घेते आणि मिटते. पहिल्या वर्षी वाटलं घाई नको. मग वाटलं, कोण वाचतंय.

यंदा वाचलं. आमच्याकडे संशोधनाला एक मुलगी आली आहे, साक्रीकडची, धनश्री. हुशार आहे आणि तोंडावर बोलते, त्यामुळे कॉलेजात फारशी कुणाची लाडकी नाही. गेल्या शनिवारी मी खोलीबाहेर उन्हात बसले होते. ती फाइल घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, मॅडम, यातलं एक वाक्य चुकीचं आहे. तिने नकाशा आणि आकडे शेजारी ठेवले होते. सवयीने उरलेली कापली असती तर तीन नंबर सगळ्यांत आखूड निघाली असती, तिने सांगितलं. माझंच वाक्य, माझ्याच क्रमाने.

मी विचारलं, मग तुझ्या मते काय झालं असेल?

"हा माणूस जोड परत परत करत होता," ती म्हणाली. "आधी वाटलं, नवशिका असेल. पण नवशिका सुधारत जातो, मॅडम. हा उलट बिघडत गेलाय." मग तिने आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, एकापासून आठापर्यंत, सावकाश. "काय झालं होतं त्यांना?"

मी सांगितलं. तीन-चार वाक्यांत झालं. माझा भाऊ होता, हेही सांगितलं. तिने सॉरी वगैरे म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. म्हणाली की वाक्य बदलायला हवं, ती आजच टाइप करून आणेल.

"राहू दे," मी म्हटलं.

"पण ते खरं नाहीये."

"आकडे खरे आहेत ना? काम त्यावर चालतं."

तिला पटलं नव्हतं. पटायलाही नको, तिच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. तिने फाइल उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

"वाचणाऱ्याला वाटेल, फिटर हट्टी होता. सांगितलेलं ऐकत नव्हता."

"वाटू दे," मी म्हटलं. "होताच तो."